पाय कुठे होते?

"हिरव्या चार नंबरचे पाय कुठे होते?"

बास्केटबॉलच्या पंच परीक्षेच्या प्रॅक्टिकलला सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नुकताच फाउल दिला होता, शिट्टी कडक, मूठ वर, पळत टेबलपाशी जाऊन बोटांनी नंबर दाखवला, सगळं पुस्तकात आहे तसं. आणि सर कडेच्या पायऱ्यांवर बसून शांतपणे विचारतात, पाय कुठे होते. मला सांगताच येईना. बॉल कुठे होता ते सांगता आलं असतं, ड्राइव्ह मारणाऱ्या, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे घुसणाऱ्या पोराने कुठल्या हाताने ड्रिबल टाकला तेही, पण ज्याच्या नावावर मी फाउल लिहायला लावला तो आधी तिथे पोचला होता की नंतर, त्याचे पाय जमिनीवर होते की तो अजून सरकतच होता, यातलं मी काहीच बघितलं नव्हतं. मी फक्त धडक ऐकली होती.

बारा वर्षं खेळलोय मी, शाळेपासून युनिव्हर्सिटीच्या टीमपर्यंत आणि नोकरी लागल्यावर रोज संध्याकाळी क्लबवर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या, आणि कोर्ट सोडवेना म्हणून पंच परीक्षेचा फॉर्म भरला. मनात हेच होतं की यात मला नवीन काय शिकायचंय, हजार वेळा फाउल केलेत, हजार वेळा खाल्लेत, फाउल कशाला म्हणतात ते माझ्या अंगाला माहितीये. पण खेळताना आपल्याला एवढंच कळतं की आपल्याला लागलं. समोरच्याचा त्या जागेवर हक्क होता का, हे आपण खेळाडू म्हणून कधी बघतच नाही.

परीक्षेआधीचं क्लिनिक, म्हणजे पंचांचं शिबिर, दोन दिवसांचं होतं, एका शाळेच्या वर्गात, आम्ही चौदा-पंधरा जण बेंचवर दाटीवाटीने बसलेलो. सरांनी सुरुवातच अशी केली की बास्केटबॉलमध्ये धक्का लागलाच नाही पाहिजे असं जे तुम्हाला पीटीच्या तासाला शिकवलंय ते आधी डोक्यातून काढा. कोर्ट २८ बाय १५ मीटरचं, त्यात दहा माणसं, आणि त्यातली निम्मी कायम एका रिंगखाली घुसलेली, अंगाला अंग लागणारच आहे. लागलं की नाही हे तर लांबून चहावालाही सांगेल. पंचाने बघायचं ते हे की जागा कोणाची होती, आणि लागल्यामुळे कोणाचं काय बिघडलं.

मग त्यांनी नाइस्मिथचं सांगितलं, ते मला फार आवडलं. १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डला त्याने हा खेळ काढला तेव्हाचे नियम फक्त १३, त्यात खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं हे सगळं बंद, पहिल्यांदा केलं तर फाउल आणि दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि त्यातच दोन माणसं वेगळी नेमलेली, अंपायरने माणसं बघायची आणि फाउल नोंदवायचे, रेफरीने बॉल बघायचा. म्हणजे पहिल्याच दिवशी त्या माणसाला कळलं होतं की बॉल बघणाऱ्याला फाउल दिसत नाही! आता दोघंही सगळंच बघतात, पण प्रत्येकाचा एरिया ठरलेला असतो, बॉल तुझ्या एरियात नसेल तर तू बॉलकडे बघायचंच नाही, तुझ्या समोरची माणसं बघायची. सांगायला सोपं आहे. मला जमायला जवळजवळ एक सीझन लागला.

सिलिंडर, म्हणजे प्रत्येक खेळाडूची स्वतःची जागा, काय असतं ते सरांनी मलाच पुढे बोलावून दाखवलं. डिफेन्सच्या स्टान्समध्ये उभं केलं, हात वर, कोपर वाकलेले, आणि खडूने फरशीवर माझ्याभोवती रेघ ओढली. पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूला हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. पुढचे हातही पायांच्या आणि गुडघ्यांच्या पुढे काढायचे नाहीत. ही रेघ जमिनीपासून थेट वर आभाळापर्यंत गेलीय असं समजायचं, त्या पिंपाच्या आतली हवा सगळी तुझी. तू आत सरळ वर उडी मार, हात सरळ वर ठेव, समोरचा येऊन त्या हातांवर आदळला तर तुझा काही दोष नाही, मग तो कितीही जोरात पडू दे. पण हात रेघेबाहेर खाली आला, किंवा कंबर बाजूला काढली, किंवा गुडघा बाहेर गेला आणि तिथे धडक झाली, तर तू दुसऱ्याच्या घरात शिरलास. आणि बॉलवाल्यालाही त्याचं पिंप असतंच, त्याच्या तोंडासमोर हात घालून डिफेंडरने त्याची जागा खायची नाही. शेजारच्या मुलीला त्यांनी बॉल देऊन माझ्यावर चालून यायला सांगितलं आणि दर वेळी थांबवून वर्गाला विचारायचे, आता कोण कोणाच्या घरात?

दुसरी गोष्ट गार्डिंग पोझिशनची, म्हणजे डिफेंडरने समोरच्याला अडवायला नियमाप्रमाणे जागा घेण्याची, आणि इथे आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात एक गैरसमज घट्ट बसलेला होता, की चार्ज मिळवायचा, म्हणजे येऊन आदळणाऱ्यावर फाउल घ्यायचा, तर डिफेंडर पुतळ्यासारखा उभा पाहिजे. तसं काही नाही. आधी एकदा समोर तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून जागा घ्यायची, एवढं केलं की त्यानंतर तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, सरळ वर उडी मारू शकतो, धडकेच्या वेळी जागच्या जागी वळून छाती वाचवू शकतो. फक्त रस्ता अडवायला हात, खांदा, कंबर, पाय पसरायचे नाहीत. आणि धडक छातीवर-पोटावर म्हणजे धडावर झाली असेल तर डिफेंडर तिथे आधी होता असं मानायचं. बॉल हातात असलेल्याला वेळ-अंतराची सूट नाही, त्याने कधीही कोणी समोर येईल हे गृहीत धरूनच चालायचं. बॉल नसलेल्याला मात्र थांबायला किंवा वळायला जागा द्यावी लागते, त्याच्या वेगाप्रमाणे, पण एक पाऊल तरी. आणि जो हवेत गेला त्याच्याखाली आता कोणीही शिरायचं नाही, उडी मारताना जी जागा रिकामी होती तिथे उतरायचा त्याला हक्क आहे.

हे शेवटचं का एवढं महत्त्वाचं ते दाखवायला सरांनी एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, २०१७ ची क्लिप लावली, स्पर्स आणि वॉरियर्सची, कोपऱ्यातून शॉट मारून कवाय लेनर्ड खाली येतो आणि झाझा पाचुलियाच्या पायावर त्याचा घोटा मुरगळतो. त्या सीरिजमध्ये लेनर्ड परत खेळला नाही. त्यानंतरच्या सीझनपासून एनबीएने असा बेफिकीर क्लोजआउट, म्हणजे शूटरवर धावून जाणं, व्हिडिओवर तपासून फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर फाउल, द्यायला सुरुवात केली. माझा स्वतःचा गुडघा लँडिंगलाच गेला होता, कोणाचा पाय खाली आला नव्हता, चुकीचाच पडलो होतो, पण ती क्लिप बघताना माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून शूटरने बॉल सोडला की माझी नजर बॉलबरोबर वर जात नाही, तो दोन्ही पायांवर खाली येईपर्यंत मी त्याच्यावरच असतो. बॉल आत गेला का ते पब्लिकच्या आवाजावरून कळतं.

लेखी परीक्षा पास झालो, प्रॅक्टिकललाही सरांनी पास केलं, "पाय बघायला शीक" एवढंच म्हणाले.

मग सुरू झाल्या शाळेच्या मॅचेस. सोलापूरचं ऊन, सिमेंटचं कोर्ट, टेबल म्हणजे वर्गातून आणलेले दोन बेंच. आमच्याकडे मॅचला दोनच पंच असतात, तीन मोठ्या स्पर्धांना. एक लीड, तो बेसलाइनच्या बाहेर रिंगच्या बाजूला, आणि एक ट्रेल, तो मागे साइडलाइनजवळ. बॉल पलीकडे गेला की भूमिका बदलतात. रिंगखालच्या अर्धवर्तुळाची रेघ बहुतेक ठिकाणी पुसून गेलेली असते, त्यामुळे मी सकाळी लवकर जाऊन दोरी घेऊन ती खडूने काढतो, रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली एक पाय आणि तिथून १.२५ मीटर. ही रेघ एवढ्यासाठी लागते की डिफेंडर त्या अर्धवर्तुळात उभा असेल आणि बॉल घेऊन हवेतून शॉटला आलेला माणूस त्याच्यावर आदळला तर त्याला चार्ज देत नाहीत, हवेतल्याने हात-पाय वापरून काही वेगळं केलं तर गोष्ट निराळी. नाहीतर डिफेन्सची सगळी पोरं रिंगखाली जाऊन पडायला तयार उभी राहतील.

पहिल्या काही मॅचमध्ये माझी सगळ्यात मोठी अडचण नियमाची नव्हतीच, उभं राहण्याची होती. दोन खेळाडू एकमेकांना चिकटून आहेत आणि मी त्यांच्या रेषेत उभा, तर मला फक्त एकाची पाठ दिसते. पुढे हाताला हात लागला की बॉलला हात लागला हे देवालाही दिसणार नाही. दोघांच्या मधली फट दिसली पाहिजे, उजेड दिसला पाहिजे. त्यासाठी पळत कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागत नाही, बहुतेक वेळा एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे टाकलं की फट उघडते. पण ते पाऊल धडक व्हायच्या आधी टाकायचं असतं, आणि धडकेच्या वेळी आपण उभं असलं पाहिजे. पळता पळता बघितलेलं सगळं हलतं, डोळ्यांनाही आणि डोक्यालाही.

एका मॅचला मी असाच रेषेत अडकलो होतो. पोस्टमधून, म्हणजे रिंगजवळच्या जागेतून, मुलगी वळली, शॉट घेतला, मागून दुसरीचा हात आला, 'थप' असा आवाज आला आणि बॉल खाली पडला. मी शिट्टी मारली. मला दिसलं काहीच नव्हतं, आवाजावरून आणि शूटरच्या किंचाळण्यावरून अंदाज केला. माझी पार्टनर ताई, माझ्याहून दहा वर्षं सीनियर, ट्रेलला होती, तिला सगळं स्वच्छ दिसलं होतं, फक्त बॉलला हात लागला होता. क्वार्टर संपल्यावर पाणी पिताना ती एवढंच म्हणाली, "दिसलं नसेल तर वाजवायचं नाही. सुटला तर सुटला, मी आहे ना मागे." एखादा फाउल सुटणं वाईटच, पण जो झालाच नाही तो देणं त्याहून वाईट, कारण त्या मुलीने सगळं बरोबर केलं होतं आणि मी तिला सांगितलं की तू चुकलीस. पुढच्या वेळी ती हात वर नेताना कचरणार.

शिट्टी उशिरा वाजवायची सवयसुद्धा मुद्दाम लावून घ्यावी लागली. खेळाडूचं रिफ्लेक्स असं की लागलं की ओरडायचं, आणि पंच झाल्यावर तेच रिफ्लेक्स शिट्टीत उतरतं. सर म्हणायचे, सुरुवात बघ, मधलं बघ, शेवट बघ, मग ठरव. समजा ड्राइव्ह मारताना डिफेंडरचा हात कमरेला घासला. तो घासूनही पोरगा तसाच पुढे गेला, पावलं बिघडली नाहीत, तोल गेला नाही, लेअप, म्हणजे रिंगजवळून टाकायचा सोपा शॉट, आत टाकला. इथे वाजवलं तर ज्याच्यावर अन्याय झाला असं आपण म्हणतो त्याचीच सोपी बास्केट आपण थांबवली. आता तेवढाच हात, पण त्याच्यामुळे पाऊल वाकडं पडलं आणि शॉट फुकट गेला, तर तो फाउल. अमेरिकेत यासाठी चार शब्द वापरतात, रिदम, स्पीड, बॅलन्स, क्विकनेस, यातलं काही बिघडलं का बघायचं. फिबा या जागतिक संघटनेच्या नियमांतही पंचांसाठी हेच लिहिलेलं आहे की ज्या कॉन्टॅक्टने कोणाचा फायदा झाला नाही आणि कोणाचं नुकसान झालं नाही त्याच्यासाठी उगीच खेळ थांबवू नका. हे वाचायला सोपं आहे पण 'फायदा झाला का' हे कळायला अर्धा सेकंद थांबावं लागतं, आणि तो अर्धा सेकंद, कोच ओरडतोय, पालक उभे राहिलेत, तो फार लांब वाटतो हो.

शिट्टीचं निघालंच आहे तर एक सांगतो. आम्ही सगळे जी बिनगोळीची शिट्टी वापरतो ना, फॉक्स ४०, ती एका बास्केटबॉल रेफरीनेच केलेली आहे, कॅनडाचा रॉन फॉक्सक्रॉफ्ट. १९८४ मध्ये ब्राझीलला ऑलिंपिकच्या आधीच्या स्पर्धेत समोर फाउल झाला आणि याच्या शिट्टीतली गोळी अडकली, आवाजच आला नाही. परत येऊन त्याने गोळीच नसलेली शिट्टी बनवून घेतली. तिच्यात हवा गेली की ती वाजतेच. त्यामुळे मी दोन खेळांच्या मध्ये ती दातांत घट्ट धरून ठेवत नाही, श्वासही आत धरत नाही, कारण फुप्फुसात हवा भरलेली असली की ती आधी बाहेर येते आणि विचार नंतर.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

१७ वर्षांखालच्या मुलांची सेमीफायनल. शेवटचा क्वार्टर, दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले, दोन पॉइंटचा फरक. पांढऱ्या टीमचा नऊ नंबर, किडकिडीत पोरगा, चार फाउल झालेले, पाचवा झाला की बाहेर. मी लीडला. निळ्या टीमचा दांडगा फॉरवर्ड डाव्या विंगवरून बॉल घेऊन निघाला, मी त्याच्याकडे बघत राहिलो, बॉलकडे, आणि एक पाऊल उशिरा सरकलो. नऊ नंबर मधे आला. धाड! दोघंही खाली, बॉल रिंगला लागून बाहेर. मी शिट्टी मारली आणि लगेच दोन्ही हात कमरेवर, ब्लॉक, म्हणजे चुकीचं अडवल्याचा फाउल नऊ नंबरवर. पाचवा फाउल, शूटरला दोन फ्री थ्रो. पोरगा उठला, शाळेत शिकवतात तसा हात वर केला आणि काही न बोलता बेंचवर जाऊन बसला. त्याची टीम तीन पॉइंटनी हरली. त्यांचे सर मॅच झाल्यावर माझ्याकडे आले, चिडलेले नव्हते, शेकहँड केला आणि हळूच म्हणाले, "सर, तो उभा होता."

रात्री एका पालकाने काढलेला मोबाईल व्हिडिओ ग्रुपवर आला. मी तो जेवायच्या आधी बघितला आणि मग जेवलोच नाही. थांबवून थांबवून बघितला. निळ्याचं शेवटचं पाऊल जमिनीवर आहे, तो अजून उडालेला नाही, आणि नऊ नंबरचे दोन्ही पाय टेकलेले आहेत, तोंड समोर, हात वर, धडक बरोबर छातीच्या मधोमध. आणि त्याच्या टाचांच्या मागे, चांगली वीतभर मागे, सकाळी मीच दोरी धरून काढलेली खडूची रेघ. अर्धवर्तुळाचाही प्रश्न नव्हता. स्वच्छ चार्ज. बॉल निळ्याच्या हातात असतानाच धडक झालेली, म्हणजे फाउल त्याच्यावर, बॉल पांढऱ्यांचा, फ्री थ्रो नाहीत, आणि नऊ नंबर कोर्टवरच.

सरांना फोन केला. रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी त्यांनी व्हिडिओ मागवला, बघितला, परत फोन केला. ब्लॉक का दिलास, विचारलं. मी म्हटलं, तो उशिरा आला असं वाटलं. वाटलं का, दिसलं? आणि मग बोलता बोलता माझ्याच तोंडून निघालं की त्याच्या आधी दोन मिनिटांपूर्वी त्याच पोराने खरंच उशिरा येऊन ब्लॉक केला होता, तो मी दिला होता, आणि तो माझ्या डोक्यात होता. सर म्हणाले, "मागच्या फाउलचा हिशोब या फाउलात घातलास. आणि तो बारका आहे म्हणून जोरात मागे फेकला गेला, ते तुला नाटक वाटलं. बारीक पोरगं जोरातच पडणार रे, वजन किती त्याचं." मग खूप वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी म्हणाले, उद्या जाऊन सांग त्याला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नंबरची मॅच होती. वॉर्मअपच्या आधी मी त्यांच्या सरांना विचारून त्या पोराला बाजूला घेतलं आणि सांगितलं की काल तुझा फाउल नव्हता, मी चुकलो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग विचारतो, "सर, मी पडताना जास्त मागे गेलो का? म्हणून वाटलं का तुम्हाला?" म्हणजे रात्रभर तो हे शोधत होता की त्याचं काय चुकलं. मी म्हटलं, नाही बाळा, तू सगळं बरोबर केलंस, पुढच्या वेळीही असाच उभा राहा. त्याने मान हलवली आणि पळत गेला लेअपच्या लाइनमध्ये. मला त्या दिवशी ड्युटी होती तरी तासभर काही सुचत नव्हतं.

त्यानंतर मी बघायची पद्धतच बदलली. घरी मॅच लावली की एकाच डिफेंडरला धरायचं आणि पूर्ण पझेशन, म्हणजे बॉल एका टीमकडे असेपर्यंत, फक्त त्याला बघायचं, बॉल कुठेही जाऊ दे. सुरुवातीला डोळे आपोआप बॉलकडे पळायचे, मग मी टीव्हीवरच्या बॉलचा भाग तळहाताने झाकायचो, बायको विचारायची काय चाललंय. तीन-चार आठवड्यांनी एक दिवस मॅचमध्ये लक्षात आलं की ड्राइव्ह सुरू व्हायच्या आधीच मी मदतीला येणाऱ्या दुसऱ्या डिफेंडरकडे बघतोय, तो पोचेल का नाही याचा अंदाज घेतोय. ब्लॉक-चार्जमध्ये जवळजवळ नेहमी हा दुसराच असतो. पहिल्याला चुकवून बॉल पुढे येतो आणि मदतीला आलेला धडक खातो, आणि आपण पहिल्याकडे बघत राहिलो तर दुसरा आभाळातून पडल्यासारखा वाटतो, म्हणून उशिरा आला असं वाटतं. माझ्या त्या कॉलमध्ये हेच झालं होतं.

सरांच्या दुसऱ्या क्लिनिकला १९९८ च्या एनबीए फायनलची सहावी मॅच दाखवली, जॉर्डनचा तो शेवटचा शॉट, ५.२ सेकंद उरलेले, ८७-८६. जॉर्डनचा डावा हात ब्रायन रसेलच्या कमरेपाशी आहे, ढकललं की नाही यावर पंचवीस वर्षांहून जास्त भांडण चालूय. वर्गात मतदान घेतलं, बरोबर निम्मे-निम्मे. सरांनी क्लिप हळू केली आणि म्हणाले हात बघू नका, रसेलचे पाय बघा. रसेल आधीच त्या बाजूला झेपावलेला, जॉर्डन अचानक उलटा थांबला, त्याचं सगळं वजन पुढे निघून गेलेलं. हात लागला यात वाद नाही, पण रसेल हाताने गेला का स्वतःच्या वेगाने? मी दर वेळी म्हणतो वेगाने. माझी ती पार्टनर ताई म्हणते, हात लांब झाला आणि सरळ झाला की फाउल, तो जॉर्डन असो नाहीतर आपल्या गल्लीतला. तिचंही बरोबर वाटतं मला, खोटं कशाला बोलू.

आणि एनबीएवाले तर २०१५ पासून चुरशीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतला एकेक कॉल तपासून जाहीर करतात, बरोबर, चूक, आणि न दिलेले पण द्यायला हवे होते तेही. मी ते नियमाने वाचतो. जगातले सगळ्यात चांगले तीन-तीन पंच कोर्टवर असूनही त्यात चुका निघतात, आणि दुसऱ्या दिवशी ते परत शिट्टी घेऊन उभे राहतात.

आता मॅच सुरू झाली की पहिली पाच मिनिटं मी फार जपतो. तिथे जे द्याल तेच शेवटी द्यायचं. पहिल्या क्वार्टरला ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर ठेवलेला हात चालवून घेतला आणि चौथ्याला त्याच हाताला फाउल दिला तर पोरांनी काय समजायचं? पोरं हुशार असतात, तुमची रेघ कुठे आहे ते पाच मिनिटांत ओळखतात आणि त्याप्रमाणे खेळतात, फक्त ती रेघ हलायला नको. आणि बोलायचं. "सात नंबर, हात काढ." "पोस्टमध्ये ढकलू नका, सरळ उभे राहा." निम्मे फाउल एवढ्यानेच व्हायचे थांबतात. मुलांच्या आणि मुलींच्या मॅचला, १४ वर्षांखाली आणि खुल्या गटाला नियम एकच, पण १४ च्या पोराला छोटा धक्कासुद्धा दोन पावलं बाजूला नेतो, आणि खुल्या गटातला शंभर किलोचा सेंटर तसाच धक्का खाऊन शॉट मारतो. धक्का तोच असला तरी परिणाम वेगळा, म्हणून कॉलही वेगळा. हे प्रेक्षकांना पक्षपात वाटतो.

दोघांनी एकदम शिट्टी मारली तर काय करायचं हे पण मी आता शिकलोय, मूठ वर आणि बाकी काही नाही, आधी पार्टनरच्या डोळ्यात बघायचं. कोणाच्या समोरून आलं त्याचा कॉल. त्या दिवशी मी घाईने कमरेवर हात ठेवले नसते तर ताईची नजर तरी भेटली असती. तिने नंतर सांगितलं, तिला ट्रेलवरून तो चार्जच दिसला होता, पण मी आधीच दाखवून मोकळा झालो होतो.

गेल्या महिन्यात एक खुल्या गटाची मॅच झाली, रात्रीची, लाइटखाली. एका पॉइंटचा फरक, शेवटचं पझेशन, मी परत लीडला. ड्राइव्ह यायच्या आधी मी दोन पावलं बाहेर सरकलो, फट उघडली, मदतीला आलेला डिफेंडर दिसला, पाय टेकलेले, सरळ वर उडाला, हात सरळ. शूटर त्याच्या छातीला घासून वर गेला, वाकडा झाला, शॉट हुकला, हॉर्न वाजला. मी शिट्टी मारली नाही. कोर्टभर आरडाओरडा, शूटर दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा. मी त्याला म्हटलं, तो सरळ वर होता, तूच त्याच्यात गेलास. तो काही पटून गेला नाही.

ताईलाही पटलं नाही. तिचं म्हणणं, उतरताना डिफेंडरचे दंड पुढे आले होते, पूर्ण उभे नव्हते, आणि ट्रेलवरून ते तिला बाजूने दिसलं. मला समोरून सरळच दिसले होते. व्हिडिओ कोणी काढलेला नव्हता. सगळे गेल्यावर आम्ही दोघं परत त्या रिंगखाली गेलो, मी डिफेंडर झालो, ती बॉल घेऊन आली, एकदा माझ्या म्हणण्याप्रमाणे, एकदा तिच्या. मग जागा बदलून. गुडघ्यामुळे मला उडी मारता येत नाही म्हणून मी टाचा उचलून हात वर करायचो आणि ती म्हणायची, नाही नाही, अजून थोडे पुढे होते, असे. वॉचमन काका दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा त्यांनी लाइटच बंद केले.

परवा तिचा मेसेज आलाय, रविवारी सकाळी सातला कोर्टवर ये, खडू घेऊन ये.